पाचशे शब्दांत श्रद्धा

देव न मानणाऱ्या माणसाचं आयुष्य तसं स्वस्तात जातं. नवस नाहीत, उपास नाहीत, अभिषेकाच्या पावत्या नाहीत, चारधामसाठी रजा साठवून ठेवावी लागत नाही. ही सगळी बचत मुलांच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी व्याजासकट वसूल होते, हे मात्र सांगलीतल्या एकाही बुद्धिवाद्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचा जुना कार्यकर्ता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंनिस उभी केली, त्यानंतर थोड्याच वर्षांत मी तीत शिरलो आणि माझ्या वाट्याला जळता कापूर जिभेवर ठेवण्याचं खातं आलं. यात चमत्कार काही नाही. तोंड ओलं असलं आणि वेळेवर मिटलं, की झालं. वेळेवर तोंड मिटण्याचं हे कौशल्य मला स्टेजखाली कधीच साधलं नाही, हा भाग वेगळा. नोकरी बँकेत होती, तिथे मला कोणी ओळखत नसे, पण शिराळ्यापासून जतपर्यंतच्या शाळांत मी 'कापूरवाले सर' होतो. अशा माणसाच्या लेकीनं बारावीनंतर एके संध्याकाळी जाहीर केलं, की तिला मानसशास्त्र शिकायचंय, बंगळुरात शिकायचंय, आणि तेही फादर लोकांच्या विद्यापीठात.

"धर्मसंस्थेच्या कॉलेजात?" मी विचारलं.

"शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, जैन बोर्डिंग काढलं, मुस्लिम बोर्डिंग काढलं. त्यांच्यावर तू दरवर्षी भाषण करतोस. मग?"

भाषणं घरात पाठ करू नयेत. मी गप्प बसलो. मला वाटलं प्रश्न फीचा आहे. खरा प्रश्न अर्जाच्या शेवटच्या पानावर दबा धरून बसला होता: 'आमच्या संस्थेच्या मूल्यांशी तुमचं नातं कसं जुळतं? पाचशे शब्दांत लिहा.'

लेक म्हणाली, "लिहीन मी." मी म्हटलं, "तू काय लिहिणार? तुझा जन्म नास्तिकाच्या घरातला. ह्याला अभ्यास लागतो." आणि ज्या उत्साहानं मी कधी खात्याची परीक्षा दिली नाही, त्या उत्साहानं कॅथलिक पंथाच्या अभ्यासाला बसलो.

आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' होतं. २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा मी ते घेतलं होतं, आणि तेव्हापासून ते कपाटातल्या दोन कप्प्यांमधली पोकळी सांभाळत होतं. ते मी खाली काढलं. रात्री सगळे झोपल्यावर वाचायला बसायचो, आणि कोणी उठलंच तर दिसू नये म्हणून वर पुरोगाम्यांच्या 'साधना' साप्ताहिकाचा अंक धरायचो. चोरून वाचायचं पुस्तक झाकायला 'साधना' वापरणारा मी महाराष्ट्रातला पहिलाच असेन. एकदा बायको पाणी प्यायला उठली आणि अंकाखालचा क्रूस तिला दिसला. ती काही बोलली नाही. सकाळी तासगावहून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, आमच्या गणपतीवर राग असू दे. पण म्हणून एकदम धर्मच बदलायचा?"

अभ्यासात मला जेझुइट सापडले, आणि मी त्यांच्या प्रेमातच पडलो. इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला शौर्यकथा मागितल्या तर संतचरित्रं मिळाली, आणि उठला तो वेगळाच माणूस होऊन. १५४० साली पोपनं त्याच्या या जेझुइट संघाला मान्यता दिली. (माझा गुडघा कैक वर्षं दुखतोय. त्यातून घरच्यांच्या वाट्याला फक्त चिडचिड आली.) मग मिळाले फादर स्टीफन्स. इंग्रज माणूस, १५७९ साली गोव्यात येतो काय, मराठी शिकतो काय आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहितो काय! १६१६ साली ते छापून निघालं, मराठी भाषेत आणि रोमन लिपीत. आज आमची पोरं मोबाइलवर मराठी रोमनमध्ये लिहितात तेव्हा मी चिडतो. फादर स्टीफन्सनी ते चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. पुण्याच्या शनिवार पेठेत स्नेहसदन आहे. तिथले फादर मॅथ्यू लेडर्ले जर्मन, तेही जेझुइट. त्यांनी आधुनिक महाराष्ट्राच्या तत्त्वविचारावर ग्रंथ लिहिला. फादर गी दलरी फ्रेंच, तेही जेझुइट. त्यांनी तुकोबा फ्रेंचमध्ये नेले आणि विठोबाच्या पंथावर पुस्तक लिहिलं. मी विठोबाला न मानणारा वारकऱ्याचा नातू. माझ्यापेक्षा त्या फ्रेंच माणसाला पंढरपूर जास्त कळलेलं.

एवढा ऐवज हाताशी आल्यावर पाचशे शब्द म्हणजे अन्याय होता. माझा निबंध अठराशेवर गेला. तो कापून कापून पाचशेवर आणताना तुकोबा गेले, पंढरपूर गेलं, कापूर मात्र राहिला. 'जळता कापूर जिभेवर धारण करण्याच्या प्रदीर्घ सवयीमुळे त्याग हे मूल्य आमच्या कुटुंबात रुजले आहे' असं एक वाक्य त्यात होतं. ते मला फार आवडलेलं.

लेकीनं निबंध वाचला. वाचताना तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, हे मी कौतुक समजलो. मग तिनं तिचा निबंध माझ्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "मी आधीच लिहिलाय. तू रात्री जागत होतास म्हणून बोलले नाही."

पहिलंच वाक्य: मी देव मानत नाही.

माझ्या हातापायातलं बळ गेलं. म्हणजे मीही मानत नाही, पण प्रवेशअर्जात? पुढे तिनं लिहिलं होतं, की आई मानते, बाबा मानत नाही, घरात यावरून भांडण होतं, पण जेवायला सगळे एकत्र बसतात. मग २०१९ च्या महापुराचं होतं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली आणि आमच्या घरात पाणी शिरलं. आम्ही एका मठाच्या छावणीत राहिलो. तिथे खिचडी मिळायची. लेकीनं लिहिलं होतं: 'तिथे ताटं घासायला सगळ्यांना पाळी होती. माझ्या पाळीला शेजारी एक मौलवी होते, एक ब्राह्मण आजी होत्या. बाबा त्या खिचडीला शेवटपर्यंत मदत म्हणत राहिला, प्रसाद म्हणाला नाही. पण दोनदा वाढून घ्यायचा.'

"हे कशाला?" मी म्हटलं.

"खोटं आहे?"

"खोटं नाही. पण मूल्यांशी काय संबंध?"

त्याच्यापुढे माझ्या जन्माची हकिकत होती. माझा जन्म मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला. आई अडली होती, घरची माणसं घाबरलेली. तिथल्या नर्सबाईंनी रात्रभर आईचा हात धरला होता, हे आई मरेपर्यंत सांगायची. लेकीनं ते आजीच्या तोंडून ऐकलेलं. लिहिलं होतं, की आजीनं त्या बाईंचा धर्म विचारला नाही आणि त्यांनी आजीचा, आणि त्यामुळे आज बाबा भांडायला हजर आहे.

आता कोणाही सुज्ञ बापानं इथे डोळे पुसले असते. मी तोवर पंथशास्त्रात इतका मुरलो होतो, की ओरडलो, "अगं, पण मिशन हॉस्पिटल प्रेस्बिटेरियनांचं! डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे! हे विद्यापीठ कॅथलिकांचं! १५१७ साली मार्टिन लूथरनं... सज्जनगडावर जाऊन समर्थांसमोर देहूच्या पालखीची तयारी सांगण्यातला प्रकार आहे हा!"

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. म्हणाली, "अहो, तुम्ही नक्की कुठल्या पंथाचे नास्तिक आहात?"

अर्ज तिचाच गेला. माझा निबंध मी 'साधने'च्या त्याच अंकात घालून ठेवला. महिन्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं आणि सोबत पालकांनाही बोलावलं होतं. माझ्यातला कापूर पुन्हा पेटला.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघालो. बायकोनं सांगलीचं भडंग दोन पुड्यांत घेतलं, एक आम्हाला आणि एक 'त्या फादरांना'. मी माझ्याबरोबर राज्यघटना घेतली. सगळी नाही, कलम २८ चा तिसरा भाग, मोठ्या अक्षरात टाइप करून, लॅमिनेट करून. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानाच्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही, असं ते कलम सांगतं. कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतं हेही मला ठाऊक होतं, आणि त्याच हक्काच्या मर्यादांवर टी.एम.ए. पै फाउंडेशन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात २००२ साली अकरा न्यायमूर्तींनी निकाल दिला हेही. तो निकाल लॅमिनेट करायला दुकानदारानं नकार दिला.

समोरच्या बाकावर हावेरीकडचे एक व्यापारी होते. उत्तर कर्नाटकातल्या माणसांचं मराठी ऐकत राहावंसं असतं. मी विषय काढला, धर्मसंस्थांनी शिक्षणात पडावं का. पहाट झाली होती, तुमकूर जवळ आलं होतं. त्यांनी खिडकीबाहेर हात जोडले. बोलता बोलता कळलं, ते सिद्धगंगा मठात राहून शिकलेले. शिवकुमार स्वामींचा मठ तो. स्वामी २०१९ च्या जानेवारीत, एकशे अकराव्या वर्षी गेले. हजारो पोरं तिथे राहतात, जेवतात, शिकतात, जातधर्म कोणी विचारत नाही.

"तुम्ही शाळेला असताना जेवायला कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"घरी."

"मग तुम्हाला मठ कळायचा नाही," ते म्हणाले आणि बॅगा काढायला उठले. वाद घालायला मी तोंड उघडलं होतं, पण गाडीत त्यांची मोठी बॅग माझ्या गुडघ्यावर आली. लोयोलासारखं काही झालं नाही. फक्त बर्फ लावावा लागला.

बंगळूर मराठी माणसाला परकं वाटू नये अशी व्यवस्था शहाजीराजांनी सतराव्या शतकातच करून ठेवलेली आहे. राजे तिथे जहागिरीवर राहिले. मॅजेस्टिकजवळ गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. तरी दर्शिनीत उभ्यानं इडली खाताना मला घाम फुटलेला होता. मनातल्या मनात उजळणी चालली होती: सेंट जोसेफ्स १८८२ साली फ्रेंच धर्मगुरूंनी काढलं, १९३७ साली जेझुइटांकडे आलं, २०२२ ला विद्यापीठ झालं. माउंट कार्मेल १९४८. क्राइस्ट १९६९. यातलं आपलं एकही नव्हे, पण विचारलं तर? लेक मजेत बेन्ने दोसा खात होती. तिला म्हटलं, "काही वाचलंस का?" ती म्हणाली, "हो. मेन्यू."

विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढच्या प्रकारात त्यांचा काहीही दोष नाही. झाडं भरपूर, रस्ते चकचकीत, आणि पालकांची रांग बँकेच्या मार्चएण्डसारखी. लेक आत गेली, वीसेक मिनिटांनी हसत बाहेर आली. काय विचारलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "ताटं घासायला कुठला साबण होता ते." मग आम्हाला बोलावलं.

टेबलामागे पांढऱ्या झग्यातले एक फादर, मल्याळी वळणाचे, शेजारी दोन प्राध्यापिका. फादरांनी अर्ज पाहिला आणि म्हणाले, "सांगली? बसा, बसा. मी पुण्यात शिकलोय, नगर रोडला. मराठी येतं, पण व्याकरण नाही." माझा अर्धा ताण गेला आणि उरलेल्या अर्ध्याच्या जोरावर मी बोलायला लागलो. ते काही विचारायच्या आत. म्हणालो, आपल्या संघाबद्दल मला नितांत आदर आहे. पाम्प्लोना, तोफगोळा, १५४०. फादर स्टीफन्स, अकरा हजार ओव्या. लेडर्ले, स्नेहसदन. दलरी, तुकोबा. प्राध्यापिकांपैकी एक लिहून घ्यायला लागल्या, तेव्हा मला वाटलं आता ह्या लेकीला प्रवेश नाही, शिष्यवृत्तीच देतील.

मी श्वास घ्यायला थांबलो. फादर म्हणाले, "फार छान. पण आम्ही जेझुइट नाही."

खोलीत पंखा होता. त्याचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

"आमचा संघ वेगळा. पण तुमचं भाषण त्यांना जरूर आवडेल. हवं तर मी त्यांना फोन करतो."

जगातले सगळे फादर एकाच संघाचे असतात, असं मी धरून चाललो होतो. सगळे ब्राह्मण देशस्थ असतात, असं धरून चालणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर हसलो आहे. लेक छताकडे पाहत होती. (तिनं मला घरीच सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. असेलही. मी तेव्हा वाचत असणार.)

पडल्यावर नास्तिकाला देवाचा आधार नसतो, घटनेचा असतो. मी लॅमिनेट काढलं. "फादर, फक्त एक खुलासा. कलम २८, भाग तीन. माझ्या मुलीला तिच्या पालकांच्या संमतीशिवाय प्रार्थनेला..."

त्यांनी कार्ड हातात घेऊन नीट वाचलं, सगळं. मग लेकीला विचारलं, "वय काय?"

"मार्चमध्ये अठरा पूर्ण."

"मग पालकांची संमती लागत नाही," ते मला म्हणाले. "ती अज्ञान मुलांसाठी. हिची संमती हिचीच." आणि कार्ड त्यांनी लेकीकडे दिलं. पुढल्या वेळी मी कलम शेवटपर्यंत लॅमिनेट करीन.

तरीही मी थांबलो नाही. वेळेवर तोंड मिटण्याबद्दल वर लिहिलंच आहे. म्हणालो, "तिच्या निबंधात वानलेस हॉस्पिटलचा उल्लेख आहे. ते प्रेस्बिटेरियन होते, याची तिला कल्पना आहे. गैरसमज नसावा."

फादरांनी चष्मा काढला. "पेशंट बरे झाले ना?"

"हो. म्हणजे, मीच तो."

"मग झालं." ते बायकोकडे वळले. "मुलगी देव मानत नाही, साहेब मानत नाहीत. तुम्ही?"

बायको म्हणाली, "मी तिघांच्या वाटणीचं मानते."

यावर दोन्ही प्राध्यापिका हसल्या. जे नातं मी अठराशे शब्दांत जुळवू शकलो नाही, ते तिनं एवढ्यात जुळवलं, आणि लगेच पिशवीतून भडंगही काढलं. फादर म्हणाले, प्रवेशाच्या काळात आम्ही कोणाकडून काही घेत नाही, पहिल्या सत्रानंतर आणा. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला आणि आवाज एकदम बदलला. मुलाखतीतला पहिला आणि शेवटचा धार्मिक आवाज तो. हजेरीचे नियम होते. किती टक्के लागते, ती किती दिवसांत खाली येते, आजारपणाचं प्रमाणपत्र कुठल्या तारखेच्या आत, आणि घरचं लग्न हे कारण धरलं जात नाही. लोयोलाबद्दल बोलताना माझा आवाज हलला नव्हता तेवढा हजेरीबद्दल बोलताना त्यांचा हलला. मला त्यांच्या मूल्यांशी तिथे पहिल्यांदा नातं जुळल्यासारखं वाटलं. मी बँकेतला माणूस आहे. मस्टरवर माझीही श्रद्धा आहे.

गुरुवार होता. बायकोनं आधीच चौकशी करून ठेवली होती, विवेकनगरला बाळ येशूचं देवस्थान आहे, गुरुवारी तिथे सगळ्या धर्मांची माणसं जातात. आमच्याकडे मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात जातात तशीच. मी बाहेर थांबतो म्हटलं. बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंना माझं बाहेर थांबणं पसंत नव्हतं. त्यांनी मला कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं. त्यातलं 'स्वल्प' एवढं कळलं. शेवटी मी दोन मेणबत्त्या घेतल्या, मदत म्हणून. बायको त्या पेटवून आली. म्हणाली, "एक वानलेस साहेबांच्या नावानं लावली. प्रेस्बिटेरियन असले म्हणून काय झालं?"

प्रवेश मिळाला. फी भरली, वसतिगृहाची वेगळी भरली. लेक आठवड्यातून एकदा फोन करते, आणि आम्हाला हजेरीचा आकडा आधी सांगते. आई तिला प्रार्थनेला जातेस का विचारते. ती म्हणते, कधीकधी जाते, गाणारी मुलं चांगली आहेत.

माझा निबंध अजून 'साधने'च्या त्या अंकात आहे. पाचशे शब्दांचा पक्का, आणि कापायच्या आधीचा अठराशेचाही. वाचकांपैकी कोणाच्या मुलाला खरोखरच्या जेझुइट संस्थेत अर्ज करायचा असेल तर कळवा, फुकट पाठवीन. फक्त संघ कोणता, ते आधी बघून घ्या. आणि कापराचं वाक्य कृपा करून काढू नका.